भुट्ट्याचा कीस : शब्द कुणाचा, आणि मिक्सर चालेल का?

राजवाडा_इंदूर
पुण्याहून जाऊबाई आल्यात. इथल्या सराफ्यात, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊगल्लीत, ‘भुट्टे का कीस’ अशी पाटी बघून म्हणाल्या, हा तर आपलाच शब्द! शेजारच्या भाभी ऐकायला तयार नाहीत, त्यांच्या मते तो अस्सल इंदौरी. कुणाचं बरोबर? आणि भुट्टा मिक्सरमधून काढला तर त्याला कीस म्हणायचं का?

जुनी_किसणी
आपलाच. किसणे, किसणी, कीस. उपासाला बटाट्याचा नि रताळ्याचा कीस करतोच की. मराठीत नुसतं किसलेलं गाजरही कीस आणि कढईतून ताटात आलेला पदार्थही कीस. इथल्या हिंदीत गाजर ‘कद्दूकस’ करतात, कीस म्हटलं की भुट्ट्याचाच.

माळव्याचा
जरा थांबा. ‘किसा हुआ नारियल’ हिंदीतही सर्रास म्हणतात. छातीठोकपणे हक्क सांगू नका.

जुनी_किसणी
क्रियापदाचं मान्य. पण तयार पदार्थाला कीस म्हणायची रीत थेट बटाट्याच्या किसाशी जुळते. होळकरांच्या गावात ती मराठी घरांतून बाहेर पडली असावी, असा आपला माझा कयास.

ऱ्हस्वदीर्घ
वरती कुणी ‘कीसाशी’ लिहिलं नाही, बरं वाटलं. दूध–दुधाला, गरीब–गरिबाला, तसंच कीस–किसाला. शिवाय ओला नारळ किसत नाहीत, खवतात. किसायचं ते सुकं खोबरं.

रोजचीच_पोळीभाजी
मिक्सरचं राहूनच गेलं. माझ्या मते तो वाटलेला मका, कीस नव्हे. कणीस किसणीवर घासलं की गर आणि दूध खाली पडतं, साल बरीचशी कणसालाच राहते. मिक्सरमध्ये सालही वाटली जाते, मग खाताना चोथा लागतो. अगदी घाईच असेल तर थांबत थांबत फिरवा, पेस्ट करू नका.

पुढचं सोपं आहे. साजूक तुपात मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची. कच्चा वास जाईपर्यंत कीस मंद आचेवर परतायचा, मग दूध आणि मीठ. मक्यातल्या पिठूळपणामुळे दूध आटता आटता दाट होतं आणि तळाला धरतं, म्हणून कढईपासून हलायचं नाही. लिंबू गॅस बंद केल्यावरच, नाहीतर दूध फाटतं. वरून खोबरं-कोथिंबीर.

राजवाडा_इंदूर
भाभींना ‘कयास’ एवढंच सांगते, उगाच भांडण नको. बाजारात सध्या स्वीट कॉर्नच जास्त दिसतंय. चालेल?

रोजचीच_पोळीभाजी
चालेल, पण गोड होतो आणि सैल राहतो. दूध निम्मंच घाला, मिरची वाढवा. देशी भुट्टा मिळाला तर दाण्यात नख रोवून बघा, दूध आलं पाहिजे. जून निघाला तर किसणीवर बोटंच सोलली जातील. तो सरळ भाजून खा.