शिकारकथेतील ‘सिट अप’ या क्रियापदाला मराठी प्रतिशब्द हवा आहे

नमस्कार.

ब्रिटिशकालीन गढवालमधील नरभक्षक बिबट्यांविषयीच्या एका जुन्या इंग्रजी लेखाचे मी मराठीत भाषांतर करीत असून ‘सिट अप’ या क्रियापदापाशी आठवडाभर अडलो आहे. कोशात ‘उठून बसणे’ आणि ‘रात्री जागत बसणे’ असे दोन अर्थ मिळतात. पहिल्यावर विसंबून मी खर्ड्यात ‘साहेब मेलेल्या बैलावर उठून बसले’ असे लिहून ठेवले होते, हे येथे कबूल केलेले बरे.

शिकाऱ्यांच्या इंग्रजीत या क्रियापदाचा अर्थ असा आहे की, वाघाने किंवा बिबट्याने मारून ठेवलेल्या जनावराजवळ, अथवा बांधलेल्या जिवंत आमिषाजवळ, बंदूक घेऊन लपून बसायचे आणि ते श्वापद येईपर्यंत, बहुधा रात्रभर, हूं की चूं न करता वाट पाहायची. पुढे ‘ओव्हर’ आले की मेलेले जनावर किंवा आमिष अभिप्रेत असते आणि ‘फॉर’ आले की ज्याला मारायचे ते श्वापद.

‘मचाणावर बसणे’ हा पर्याय सर्वांत आधी सुचतो, पण तो सगळीकडे चालत नाही. रुद्रप्रयागच्या नरभक्षक बिबट्यासाठी जिम कॉर्बेट अलकनंदेवरील झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावरही रात्री काढत असत, आणि तेथे ना मचाण होते, ना आमिष. २ मे १९२६ रोजी तो बिबट्या मारला गेला, तेव्हा मात्र ते आंब्याच्या झाडावर होते आणि खाली बकरी बांधलेली होती. इंग्रजीत या दोन्ही प्रसंगांना हे एकच क्रियापद पुरते.

‘दबा धरून बसणे’ मला आवडते. परंतु मराठीत दबा धरतो तो बिबट्याच, त्यामुळे एकाच परिच्छेदात दोघेही दबा धरू लागले की कोण कोणावर झडप घालणार, हे वाचकाला कळेनासे होते. ‘पाळत ठेवणे’ला पोलिसी वास येतो. ‘जागलीला बसणे’ हा शब्दप्रयोग अस्सल आपल्या मातीतला आहे, पण जागल्या माळ्यावर बसून आरडाओरडा करतो तो रानडुकरे पिकाकडे फिरकू नयेत म्हणून, आणि शिकारी गप्प बसतो तो जनावर यावे म्हणून. हेतूच उलटा असल्याने माझे मन त्याला धजत नाही.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार थांबली आणि तिच्याबरोबर तिची बोलीही मागे पडली. मेळघाट किंवा चंद्रपूरकडील ज्यांच्या घरी जुने शिकारी होते, त्यांनी कृपया सांगावे की, ‘हाकारा’ (माणसांनी गलका करून जनावराला शिकाऱ्याकडे हाकलणे) न करता असे रात्री बसण्याला तिकडे नेमके काय म्हणत असत? ‘ओव्हर’ आणि ‘फॉर’ या दोन्हींना पेलेल असे एकच क्रियापद मिळाले तर उत्तम. नसेल तर दोन वेगळी क्रियापदे वापरण्यासही माझी तयारी आहे.