टाइमझोन ऑफसेटला मराठीत काय म्हणता?

आमच्या ॲपचं मराठीकरण चाललंय. तारखेच्या शेवटी ते +०५:३० येतं ना, टाइमझोन ऑफसेट, म्हणजे यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेपासून आपलं घड्याळ किती दूर, त्याला काय लिहू? मी "कालांतर" लिहिलं तर टेस्टिंगवाली म्हणे, कालांतराने बग सुटेल असं वाटतंय. आणि नुसतं ऑफसेट म्हटलं की बाबांना लग्नपत्रिका छापणारा प्रेस आठवतो.

— "वेळेतला फरक" लिहा की, हाय काय नाय काय.

— फरक नाही चालणार हो, फरकाला दिशा नसते आणि इथे तर सगळा खेळ अधिक-उण्याचा. जावास्क्रिप्टचं गेटटाइमझोनऑफसेट भारतासाठी -३३० देतं, मिनिटं बरोबर पण चिन्ह उलटं, कारण ते यूटीसीतून लोकल वेळ वजा करतं. मी एकदा ते चिन्ह तसंच चिकटवलं आणि सगळ्या अपॉइंटमेंट ११ तास सरकल्या, रविवार गेला निस्तरण्यात.

— दिशा हवी तर "पुढे-मागे" आहे की. ८:१२ची फास्ट पकडणाऱ्यांच्या घरात दहा मिनिटं पुढे लावलेलं घड्याळ असतंच, तसंच "यूटीसीच्या ५ तास ३० मिनिटं पुढे" लिहा, आजीला पण कळेल.

— अवांतर: भारतीय प्रमाणवेळ १९०६ला आली तरी मुंबईत बॉम्बे टाइम १९५५पर्यंत टिकला होता, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. म्हणजे +०४:५१! प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे राहायचा हट्ट मुंबईकरच करू जाणे.

— धागा मीच काढलाय म्हणून परत विचारते, स्क्रीनवर "पुढे" मस्त बसतंय पण फॉरमॅटच्या सेटिंगचं काय? जावाच्या सिंपलडेटफॉरमॅटमध्ये कॅपिटल झेड दिला की +०५३०, कॅपिटल एक्स तीनदा दिला की +०५:३०, आणि एकदाच दिला तर नुसतं +०५, आपला अर्धा तास गिळून मोकळं. तिथे "पुढे-मागेमध्ये कोलन हवा" असं लिहू का आता?

— 😂 नको, तिथे ऑफसेटच ठेवा, ते वाचणारे सगळे डेव्हलपरच. फक्त तो ऑफसेट की ते ऑफसेट हे आधी ठरवा.

— तो. आमच्याकडे "ऑफसेट चुकला" म्हणतात, चुकलं म्हणताना अजून कोणाला ऐकलं नाही.