पर्शियन मांजरीला अंगणात सोडावं का?

ताई, तुमची पर्शियन दिवसभर खिडकीशी बसून असते, म्हणून तिला अंगणात सोडावं का, असं तुम्ही विचारलंय. मोकळी सोडू नका, पण कोंडूनही ठेवू नका. सांगलीत विश्रामबागच्या आमच्या घरी मागच्या गॅलरीला वेल्डमेशची, म्हणजे वेल्डिंगने जोडलेल्या तारांची जाळी मारून घेतलीय. डासांची नायलॉनची जाळी नखांनी उसवते. वरूनही बंद करा, कारण मांजर जाळी धरून सरळ वर चढतं. आत उंचावर एक फळी आणि मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवलंय. आमचा बोका त्या फळीवर पंजे पोटाखाली घेऊन बसतो आणि तारेवरच्या साळुंक्यांकडे बघत दात कटकट वाजवतो. बघून जीव सुखावतो!

पर्शियनसारख्या चपट्या नाकाच्या मांजरांना ऊन सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी लवकर किंवा दिवेलागणीलाच बाहेर काढा. त्याआधी रेबीजची आणि मांजरांची तीन आजारांवरची लस झालेली हवीच. गोचिडांचं औषध मांजराचंच आणा. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, ते मांजराच्या जिवावर बेततं. आणि कुंडीत लिली असेल तर आधी ती हलवा, अंगावर पडलेले तिचे परागकण चाटले तरी किडनी निकामी होऊ शकते.