दोघांपुरतं टेबल आणि जुन्या बशा
आजीच्या सेटमधल्या उरलेल्या बशा एकमेकींशी जुळत नाहीत, तर सणाच्या जेवणासाठी नवा सेट घ्यावा का, असं कुणीतरी विचारलंय. अजिबात नको! दोघांच्या टेबलावर सगळं जुळायलाच हवं असं कुठंय? एक रंग धरा, निळा म्हणा, नक्षी वेगवेगळी चालू द्या. फुलं बुटकी ठेवा, समोरचा चेहरा दिसायला हवा.

कप बोन चायनाचा असेल तर मेणबत्तीसमोर धरून बघा. पलीकडच्या बोटांची सावली दिसते. मातीत हाडांची राख मिसळलेली असते, त्यामुळे उजेड आरपार येतो. म्हणून मोठा दिवा बंदच ठेवा.

एक मात्र सांगतेच, जुन्या ग्लेझमध्ये, म्हणजे बशीवरच्या चकचकीत थरात, शिसं असू शकतं. बारीक तडे गेलेल्या बशीत आंबट काही वाढू नका, शिसं त्यात उतरू शकतं; तिच्यात मेणबत्ती ठेवा.