गंगेत घोडं कधी न्हालं? इव्हेंटिंगच्या शनिवार-रविवारचे अनुभव

रानजाई (इंग्लंड) :
इव्हेंटिंग म्हणजे एकाच घोड्यावर तीन परीक्षांची स्पर्धा. दोन दिवस, एक घोडी, आणि त्यात खोगिरावर बसून स्पर्धा केली ती जेमतेम बारा मिनिटं. बाकी सगळा वेळ लीद उपसणे, नाल तपासणे आणि 'आपला नंबर कधी' म्हणून घड्याळ बघणे. तरी सोमवारी ऑफिसात बसल्या बसल्या पुढच्या स्पर्धेचा फॉर्म भरून टाकला. हे वेड आणखी कुणाला आहे? स्वार, मोतद्दार (घोड्याची निगा राखणारे), नुसते बघे, कुणीही असा, लिहा. सुरुवात मी करते.

आमची पायरी अगदी खालची, ८० सेंटिमीटर उंचीच्या अडथळ्यांची. घोडी माझी नाही. आठवड्यातले तीन दिवस तिचं सगळं मी बघते, खर्चात वाटा उचलते, त्या बदल्यात मालकीणबाई ती मला स्पर्धेला देतात. शनिवारी ड्रेसाज (परीक्षकांसमोर ठरलेल्या चाली) आणि शो जंपिंग (मैदानात पडणाऱ्या दांड्यांवरून उड्या), रविवारी क्रॉसकंट्री (मोकळ्या रानातले अडथळे, ठरलेल्या वेळेत). पहाटे पाचला उठून आयाळीच्या अकरा वेण्या घातल्या. बाईसाहेबांनी खांबाला मान घासून दोन सोडवल्या. लहानपणी वेणी घालताना मी किती वळवळायचे हे आई अजून सांगते, त्याची फेड झाली म्हणायची.

ड्रेसाजमध्ये परीक्षक जे टक्के देतात ते शंभरातून वजा करायचे. उरतो तो दंड, शेवटी ज्याचा सगळ्यात कमी तो जिंकला. मला ६३.५ टक्के, म्हणजे दंड ३६.५. दुडकी चाल सुरेख झाली, पण थांबून सलाम करायच्या जागी ती मागचा एक पाय सैल सोडून एसटीची वाट बघत असल्यासारखी उभी राहिली. शो जंपिंगला एक दांडी पडली, त्याचे ४. रात्र घोडागाडीतच काढली. लग्नाच्या वरातीतली नव्हे हो, घोडे वाहून नेणारी मोटार!

रविवारी क्रॉसकंट्रीचा मार्ग मी तीनदा पायी फिरून आले. पाण्याची जागा घोटाभर खोल. सुरुवातीच्या चौकटीत पाचापासून उलटे आकडे मोजले गेले आणि आम्ही निघालो. ओंडका, गवताची पेटी, छोटा खंदक, सगळं बाईसाहेबांनी खेळत पार केलं. मग पाणी आलं आणि त्या काठावर थबकल्या. कान पुढे, मान खाली. नाकपुडीच्या वाऱ्याने पाण्यावर वर्तुळं उठत होती आणि त्यांच्याकडे ती टक लावून बघत होती. मी वर बसून टाच मारतेय, आवाज देतेय, ढिम्म नाही. नकाराचे २०. वळवून पुन्हा आणली, तर या खेपेला चालत चालत अशी आत शिरली की जणू कल्पना तिचीच होती. एकदाचं गंगेत घोडं न्हालं! ठरलेल्या वेळेपेक्षा २० सेकंद उशीर, सेकंदाला ०.४ प्रमाणे ८. एकूण ६८.५. शेवटून तिसरी. पण पाण्यातून बाहेर पडल्यावर पुढच्या चढावर ती जी सुटली ना, ते सांगता येत नाही.

खोगीरभरती :
वरच्या बाईंचा नवरा. पहाटे पाच नव्हे, साडेपाच. गजर मी बंद केला होता. घोडं मेलं ओझ्यानं, शिंगरू मेलं हेलपाट्यानं, त्यातलं शिंगरू ते मीच. नळ तबेल्यापासून दोनशे पावलांवर. दोन दिवसांत किती बादल्या वाहिल्या विचारू नका. मी आणलेलं पाणी घटाघटा पिते आणि समोरच्या पाण्यात पाय घालायला मात्र घाबरते.

पुण्याची आई :
माझी लेकही याच पंथातली, तिकडेच असते. मे महिन्यात तिच्याकडे गेले होते. तिने तिच्या ओळखीच्या एका बाईंबरोबर मला अकराव्या अडथळ्यापाशी बसवून दिलं. तिथे प्रत्येक अडथळ्याला असा कुणीतरी हौशी पंच बसतो, बिनपगारी. हातात शिटी, मांडीवर तक्ता. स्वाराच्या उजव्या हाताला लाल झेंडी, डाव्या हाताला पांढरी, उडी या दोहोंच्या मधून. घोडा येताना दिसला की शिटी फुंकून बघ्यांना बाजूला करायचं. तासाभरात ते काम मी मागून घेतलं. एका मुलीचा घोडा आमच्यापाशी अडला. पहिल्याला २०, त्याच अडथळ्याला दुसऱ्यांदा ४०, तिसऱ्यांदा बाद. बाद झाल्यावर ती घोड्याच्या मानेवर थोपटून त्याची माफी मागत होती, मग जाताना आमचीही मागून गेली. मला रडूच आलं.

अनारसे घेऊन गेले होते. लेकीने डबा गाडीतून बाहेर काढू दिला नाही. खसखशीतून घोड्याच्या चाचणीत मॉर्फिन निघू शकतं म्हणे! चहाचा कपही घोड्यापासून लांब, कॅफिनमुळे. जावयांनी आणि मी गाडीत दारं लावून खाल्ले.

निवृत्त स्वार :
आम्ही मेरठला सैन्यात हे केलं. १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंगांनी इव्हेंटिंगचं सुवर्ण जिंकलं तेव्हा मी शाळेत होतो, तेव्हापासून डोक्यात घोडा. खेळ मूळचा सैन्याचाच. १९१२च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये फक्त लष्करी अधिकारी उतरले होते. आमच्या वेळी क्रॉसकंट्रीच्या आधी त्याच दिवशी लांब पल्ल्याची दुडकी आणि स्टीपलचेसही (अडथळ्यांवरून भरधाव दौड) असायची. ऑलिंपिकमधून ते २००४ला अथेन्सपासून गेलं. घोड्यांच्या दृष्टीने बरंच झालं, पण मला चुकल्यासारखं वाटतं.

मला आठवते ती दुसऱ्या दिवसाची रात्र. शेवटच्या सकाळी पशुवैद्यासमोर घोडा हाताने धरून दुडकी पळवून दाखवायचा. लंगडला तर दोन दिवसांची मेहनत पाण्यात. माझ्या कुम्मैताच्या (काळी आयाळ असलेल्या तांबूस घोड्याच्या) डाव्या पायाला सूज. मोतद्दार रात्रभर झोपला नाही. गार पाण्याच्या पट्ट्या, थोडं फिरवणं, पुन्हा पट्ट्या. मी म्हटलं, काका, आता मी बघतो, तुम्ही पडा. म्हणाले, "साहेब, तुम्हाला उद्या बसायचंय." सकाळी घोडा सरळ पळाला. पदक वगैरे काही मिळालं नाही.

वाटचुक्या :
माझं थोडक्यात. शो जंपिंगला सहाव्यानंतर थेट आठवा अडथळा उडवला. घंटा वाजली. मला वाटलं टाळ्या आहेत, म्हणून टोपीला हात लावला. मार्ग चुकला म्हणून बाद. घोड्याचा काही दोष नाही, त्याला आकडे येत नाहीत.

बघ्या :
मी कधी घोड्यावर बसलो नाही. पण टोकियो ऑलिंपिकच्या वेळी आपले इव्हेंटिंगचे स्वार फुआद मिर्झा यांच्यासाठी पहाटेचा गजर लावला होता. ड्रेसाजला २८.००, क्रॉसकंट्रीत एकही नकार नाही, नुसते वेळेचे ११.२०. तुमच्या ०.४ने भागल्यावर आत्ता कळलं, २८ सेकंद! शेवटी २३वा क्रमांक. शेजारचे काका दूध घ्यायला उठलेले, खिडकीतून विचारत होते, रेस लागलीय का?

रानजाई :
@निवृत्त स्वार, तुमच्या मोतद्दारकाकांचं वाचून घोडीच्या पायांना उगाच हात लावून आले. गार होते. इथे काल दिवसभर पाऊस झाला, फाटकापाशी मोठं डबकं साचलंय. संध्याकाळी तिला तिकडे नेतेय. शिंगरू बादली घेऊन येतोच आहे.