दारातली माणसं मोजताना दोघांचा एक होतो, थांबलेला नाहीसा होतो
(पायरी, भिंग, चौकट ही चर्चेतल्या तिघांची टोपणनावं)

पायरी
वाचनालयाच्या दारातून आत-बाहेर किती जण गेले ते मोजायचं आहे. रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, चित्र ६४०×४८०, सेकंदाला ८ फ्रेम, स्थिर पार्श्वभूमीतून हलणारं वेगळं काढणारा ओपनसीव्हीचा मॉग-टू, सगळे आकडे डीफॉल्ट. दार १.२ मीटर रुंद, कॅमेरा २.८ मीटरवर, तिरका. संध्याकाळी सावल्याही मोजल्या जातात. जोडीने आलेले दोघे एक धरले जातात. बोलत थांबलेला माणूस थोड्या वेळाने नाहीसा होतो आणि हलला की पुन्हा मोजला जातो.

भिंग
मॉग-टू मास्कमध्ये, म्हणजे हालचाल दाखवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या चित्रात, सावलीला १२७ आणि खऱ्या हालचालीला २५५ देतो. तुम्ही शून्याच्या वरचं सगळंच घेत असणार. २०० वर थ्रेशोल्ड लावा, म्हणजे त्याखालचं सोडून द्या. तरी उन्हातली गडद सावली उरेल, कारण पार्श्वभूमीच्या निम्म्याहून काळं झालं की त्याला ती सावली वाटतच नाही. सावली किती गडद धरायची ते ठरवणारा शॅडो-थ्रेशोल्ड ०.५ चा ०.४ करून बघा. फार खाली नेऊ नका, गडद कपडेही सावलीत जमा होतील.

थांबलेला माणूस नाहीसा होतो त्याचं मूळ हिस्टरीत आहे, म्हणजे पार्श्वभूमी शिकायला मॉग-टू किती फ्रेम धरतो त्या आकड्यात. डीफॉल्ट ५०० हिस्टरी म्हणजे माणूस ५०० फ्रेम टिकेल असं नाही. साधारण दहाव्या हिश्शात, ५०-५५ फ्रेममध्ये, तो पार्श्वभूमीत मुरतो. तुमच्या वेगाला हे जेमतेम ७ सेकंद. हिस्टरी ५००० केलीत तर मिनिटभर टिकेल.

चौकट
दोघांचा एक ठिपका होतो त्याला कुठलाही आकडा बदलून उपाय नाही. तिरक्या कॅमेऱ्यात पुढचा मागच्याला झाकतो. कॅमेरा दारावर सरळ खाली रोखा. २.८ मीटरवरून १.७ मीटर उंचीचं डोकं १.१ मीटरवर येतं. ९० अंशांच्या भिंगाला त्या पातळीवर २.२ मीटर रुंदी दिसते, दाराला पुरेशी. योलो, म्हणजे फोटोतला माणूस ओळखणारं शिकवलेलं मॉडेल, लावायचा विचार असेल तर एक लक्षात घ्या: तयार मॉडेल बहुतेक समोरून घेतलेल्या फोटोंवर शिकलेली असतात, डोक्यावरून ती माणूस चुकवतात.

मोजायला चित्रात एक रेघ आखणं पुरत नाही. रेघेवर घुटमळणारा माणूस पाच वेळा मोजला जातो. जमिनीवर ४०-५० सेंटिमीटर अंतराने दोन रेघा घ्या आणि दोन्ही क्रमाने ओलांडल्या तरच आकडा वाढवा. ८ फ्रेमला चालणारा माणूस दर फ्रेमला १७-१८ सेंटिमीटर सरकतो, तेवढ्यात ओळख टिकते. २ फ्रेमवर आलात तर तो ७० सेंटिमीटर उडी मारतो, त्याच्याभोवती प्रोग्रामने आखलेल्या आधीच्या चौकटीशी नवी चौकट जुळतच नाही आणि त्याला नवा क्रमांक मिळतो.

पायरी
हिस्टरी ५००० केली. आता दिवा लावला की अख्खा मास्क पांढरा होतो आणि बराच वेळ तसाच राहतो.

भिंग
हिस्टरी वाढवल्याची ती किंमत आहे. मास्कचा ६० टक्क्यांहून जास्त भाग पांढरा दिसला तर ती फ्रेम मोजू नका, आणि पुढच्या १५-२० फ्रेमना लर्निंग रेट (नवी पार्श्वभूमी किती झपाट्याने शिकायची तो आकडा) ०.१ द्या, मग परत -१, म्हणजे आपोआप. ऑटो-एक्स्पोजर (कॅमेऱ्याने उजेड आपोआप जुळवणं) बंद करा, नाहीतर पांढरा सदरा आत आला तरी हेच होईल. शटर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, दुसऱ्या बहुतेक शटरला ट्यूबलाइटचे पट्टे सरकताना दिसतात आणि मॉग-टू तेही हालचाल म्हणून धरतो.