जुना रॉक ५.१ मध्ये ऐकायचाय, सुरुवात कुठल्या अल्बमने करू?

मंद्रसप्तक:
मंडळी, सल्ला हवाय. घरी ५.१ सेटअप आहे, पुढे तीन स्पीकर, मागे दोन आणि एक सबवूफर, पण आजवर तो फक्त सिनेमे बघायला वापरलाय. गाणी ऐकायची तर हेडफोन लावून. पिंक फ्लॉइड, येस, क्वीन, ईगल्स, किंग क्रिमसन हे सगळं कॉलेजपासून ऐकत आलोय, काही अल्बम तर इतके पाठ आहेत की पुढचा ठोका कुठे पडणार ते आधीच कळतं. परवा मित्राकडे डार्क साइड ऑफ द मूनचं सराउंड मिक्स ऐकलं, टाइमच्या सुरुवातीची घड्याळं चारी बाजूंनी वाजायला लागली आणि तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाहीये.

तर जाणकारांनी प्रकाश टाकावा. पहिले तीन-चार अल्बम कुठले घेऊ, डिस्कच घ्यावी लागेल की स्ट्रीमिंगवर भागेल, आणि रिसीव्हरवर (स्पीकर जोडतो तो अँप्लिफायर) ते स्टिरिओचं सराउंड करणारं बटण असतं ना, त्याने आणि या रीमिक्सने नेमका काय फरक पडतो?

खर्जवेडा:
शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण बऱ्याच जणांचा घोळ तिथेच होतो. ते बटण स्टिरिओचे दोनच चॅनल घेतं आणि त्यातून अंदाजाने पाच बनवतं. दोन्हीकडे सारखं असेल ते बरंचसं मधल्या स्पीकरला, उरलेलं, म्हणजे मुख्यतः रिव्हर्ब (जागेतला घुमणारा आवाज) वगैरे, मागे. चित्र रंगवून झाल्यावर त्यातला निळा परत वेगळा काढायला जावं तसं आहे ते.

रीमिक्समध्ये मूळ मल्टिट्रॅक टेप बाहेर काढतात. ड्रम, बेस, प्रत्येक गिटार, गाणाऱ्याचा आवाज हे त्यावर वेगवेगळ्या ट्रॅकवर असतं, ते सगळं डिजिटल करून घ्यायचं आणि मिक्सिंग पहिल्यापासून करायचं, फक्त आता मांडायला दोनाऐवजी पाच जागा आहेत. स्टिरिओमध्ये ऑर्गन, दोन गिटार आणि कोरस एकमेकांच्या अंगावर पडलेले असतात, मग ते ऐकू यावेत म्हणून इंजिनिअरला प्रत्येकाचा थोडा थोडा आवाज कापावा लागतो. जागा मिळाली की तेवढं कापावं लागत नाही. मला यातली खरी मजा तीच वाटते, आवाज डोक्याभोवती फिरणं नंतरचं.

आडताल:
खर्जवेडा यांना अनुमोदन. आता अल्बम.

स्टिव्हन विल्सन हे नाव लिहून ठेवा. स्वतः संगीतकार आहे, आणि २००९ पासून त्याने किंग क्रिमसनचे अल्बम ५.१ मध्ये मिक्स करायला घेतले, मग जेथ्रो टल, येस, जेंटल जायंट अशी रांगच लागली. त्याची पद्धत मला फार पटते. आधी जुन्या स्टिरिओ मिक्सशी ताडून पाहत नवीन स्टिरिओ मिक्स त्याच्या शक्य तितकं जवळ आणायचं, कुठला एको किती, कुठला आवाज कुठे, सगळं, आणि ते जमलं की मगच सराउंडकडे वळायचं. त्यामुळे गाणं ओळखीचंच राहतं.

तुम्ही येस ऐकता म्हणताय तर क्लोज टू द एज पहिला घ्या. रेकॉर्डिंग १९७२ चं, विल्सनचं मिक्स २०१३ मध्ये आलं. सुरुवातीला पाणी आणि पक्ष्यांचे आवाज हळूहळू चढत जातात आणि मग अख्खा बँड एकदम कोसळतो, तिथे गिटार एकीकडे धावतेय, बेस दुसरीकडे, ड्रम तिसरंच काहीतरी मोजतायत, आणि स्टिरिओमध्ये मला तो कायम एक गोळा वाटायचा. ५.१ मध्ये प्रत्येकाचा हात वेगळा दिसतो हो अक्षरशः. पुढे येसचा कीबोर्डवादक रिक वेकमनचा चर्चमधला पाइप ऑर्गन येतो, तो खराखुरा चर्चमध्ये जाऊन रेकॉर्ड केलेला आहे, तिथे आवाज बिनधास्त वाढवा.

दुसरा जेथ्रो टलचा अॅक्वालंग. १९७१ चा, आणि त्याच्या गढूळ आवाजाबद्दल लोक तेव्हापासून तक्रार करत आलेत. २०११ चं मिक्स ऐकलं की कळतं टेपवर माल चोख होता, अडचण मिक्समध्ये होती. अकूस्टिक गिटारच्या तारांवर बोटं घासल्याचं ऐकू येतं.

तारषड्ज:
क्वीनचा अ नाइट अॅट द ऑपेरा कसा विसरलात! त्याची ५.१ डीव्हीडी-ऑडिओ (गाण्यांसाठीची उच्च दर्जाची डीव्हीडी) २००२ ला निघाली. लोक बोहेमियन रॅप्सडी लावतात पण मी म्हणेन द प्रॉफेट्स साँग लावा. मधे सगळी वाद्यं थांबतात आणि फ्रेडी मर्क्युरी एकटाच गातो, त्याचाच आवाज डिले लावून उशिराने परत येतो आणि तो स्वतःच्याच आवाजावर पुढची ओळ रचत जातो. स्टिरिओमध्ये ते डावीकडून उजवीकडे होतं, सराउंडमध्ये ते आवाज खोलीभर तुमच्याभोवती होतात. त्या गाण्याला ही जागा हवीच होती असं वाटतं.

आणि मला आडताल यांच्यासारखी फार सांभाळून केलेली मिक्सच आवडतात असं नाही. मागच्या स्पीकरांना नुसता रिव्हर्ब देऊन ठेवायचा असेल तर एवढा खटाटोप कशाला करायचा. मागून एखादी अख्खी गिटार वाजू दे की! ईगल्सचा हॉटेल कॅलिफोर्निया इंजिनिअर एलियट शाइनरने ५.१ मध्ये मिक्स केलाय तोही यादीत घाला, स्वच्छ, मोकळा आवाज म्हणजे काय ते कळतं.

जुनीटेप:
थोडं विरोधी मत मांडतो. बँडने त्या काळी बसून जे मिक्स पास केलं तेच त्यांचं काम ना? पन्नास वर्षांनी कोणीतरी येऊन गिटार उचलून मागे ठेवणार, हे मला पटत नाही. घड्याळं फिरली म्हणून गाणं मोठं होत नाही.

खर्जवेडा:
जुनीटेप, मुद्दा रास्त आहे आणि प्रत्येक रीमिक्स चांगलं असतं असं मीही म्हणणार नाही. पण सराउंड नंतर कोणीतरी चिकटवलं हे सगळ्या बँडबाबत खरं नाही. पिंक फ्लॉइडने मे १९६७ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये कार्यक्रम केला तेव्हाच जॉयस्टिकने आवाज हॉलभर फिरवायचं यंत्र वापरलं होतं, त्याला ते अॅझिमथ को-ऑर्डिनेटर म्हणायचे. आणि ती घड्याळं! ती त्या अल्बमचा इंजिनिअर अॅलन पार्सन्सने घड्याळांच्या दुकानात जाऊन मुळात चार चॅनलच्या, म्हणजे क्वाड्राफोनिक प्रात्यक्षिकासाठीच रेकॉर्ड केली होती, गाण्यात ती नंतर आली. सत्तरच्या दशकात बऱ्याच रॉक अल्बमची क्वाड मिक्स निघाली, डार्क साइडचं स्वतः पार्सन्सनेच केलं. पण घरात चार स्पीकर मांडायचे, त्यात कंपन्यांच्या तीन-चार वेगवेगळ्या पद्धती, एकीची रेकॉर्ड दुसरीच्या डिकोडरवर नीट चालेना, लोक कंटाळले आणि ते मागे पडलं.

उलट बाजूही सांगतो. जुन्या चार ट्रॅकच्या रेकॉर्डिंगना खरंच मर्यादा आहेत. बीटल्सचा सार्जंट पेपर घ्या, चार ट्रॅक भरले की ते दुसऱ्या टेपवर एकत्र उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या ट्रॅकवर पुढचं रेकॉर्ड करायचं. निर्माता जाइल्स मार्टिनने २०१७ मध्ये ५.१ केलं तेव्हा एकत्र उतरवण्याआधीच्या टेप वापरल्या म्हणून वाद्यं वेगळी मिळाली. बीटल्सच्याच रिव्हॉल्व्हरच्या वेळी एकाच ट्रॅकवर मिसळलेली वाद्यं सोडवायला मशीन लर्निंग लागलं, ते थेट २०२२ साली. तेव्हा ऐकायच्या आधी हे मिक्स कशावरून केलंय ते जरूर बघावं.

तारषड्ज:
बाकी जुनीटेप, मूळ स्टिरिओ कुठे जात नाही हो, बऱ्याच सेटमध्ये तेही त्याच डिस्कवर असतं.

आडताल:
डिस्कचं सांगायचं राहिलंच. ब्लू-रे सगळ्यात सोपी, साध्या ब्लू-रे प्लेअरवर चालते, एचडीएमआयने रिसीव्हरला जोडा झालं. फक्त मेनूत जाऊन ५.१ निवडा, काही डिस्क आपसूक स्टिरिओच सुरू करतात आणि मग माणूस म्हणतो मागचे स्पीकर बंद पडले.

डीव्हीडी-ऑडिओ दिसली की वेगळा प्लेअर नाही म्हणून सोडून देऊ नका. उत्तम दर्जाच्या ट्रॅकला तसा प्लेअर लागतो हे खरं, पण त्याच डिस्कवर बहुतेक वेळा डीटीएस किंवा डॉल्बी डिजिटल ५.१ पण असतं आणि ते कुठल्याही साध्या डीव्हीडी प्लेअरवर चालतं, अगदी ऑप्टिकल केबलने सुद्धा. एसएसीडीचं (सुपर ऑडिओ सीडी) मात्र तसं नाही. साध्या सीडी प्लेअरमध्ये हायब्रिड (साध्या सीडीचाही थर असलेली) डिस्क टाकलीत तर नुसतं स्टिरिओ वाजेल, सराउंडसाठी एसएसीडी वाचणाराच प्लेअर पाहिजे. डार्क साइडचं इंजिनिअर जेम्स गथ्रीने केलेलं ५.१ आधी २००३ मध्ये एसएसीडीवरच आलं होतं, नंतर २०११ च्या मोठ्या सेटमध्ये ते आणि पार्सन्सचं क्वाड दोन्ही आलं. शक्य असेल तर दोन्ही ऐका, तेच रेकॉर्डिंग दोन माणसांनी कसं वेगळं ऐकलंय ते कळतं.

स्ट्रीमिंगवर डॉल्बी अॅटमॉस (छताच्या स्पीकरांचाही विचार करणारं सराउंड) मिळतं, अॅपल म्युझिकवर २०२१ पासून आहे. तुमच्याकडे छताचे स्पीकर नाहीत तरी बिघडत नाही, आहेत तेवढ्या स्पीकरांवर ते बसवलं जातं. पण तिथला आवाज कॉम्प्रेस केलेला असतो, ब्लू-रेवर तसा नसतो. चव घ्यायला स्ट्रीमिंग, आवडलं की डिस्क. आणि हेडफोनवरचं अॅटमॉस ऐकून मत बनवू नका प्लीज, तिथे दोन कानांना फसवून मागचा भास निर्माण केलेला असतो, कोणाला तो जाणवतो कोणाला नाही.

खर्जवेडा:
मंद्रसप्तक, पैसे खर्च करायच्या आधी एक संध्याकाळ स्पीकरांवर घालवा, माझ्या मते हे अल्बम निवडण्याइतकंच महत्त्वाचं आहे. सिनेमासाठी लोक मागचे स्पीकर उंच भिंतीवर टांगतात, तिथून हेलिकॉप्टर चालतं, गिटार चालत नाही. संगीतासाठी ते साधारण कानाच्या उंचीला आणि पाठीमागे न ठेवता बाजूला किंचित मागे हवेत. समोरचा मधला स्पीकर शून्य धरला तर डावा-उजवा ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांच्या मधे. सोफा मागच्या भिंतीला टेकलेला असेल तर पुढे ओढा.

मग रिसीव्हरच्या मेनूत प्रत्येक स्पीकरचं अंतर भरा आणि टेस्ट नॉइज लावून बसायच्या जागी सगळ्यांची पातळी सारखी करा, फोनवरचं आवाज मोजायचं अॅप चालेल. सिनेमात मागचे थोडे कमी-जास्त असले तर खपून जातं, इथे मागे एखादा आवाज तीन डेसिबलने जास्त झाला की गायक सोडून लक्ष सारखं तिकडेच जातं. नाइट मोड (मोठे-लहान आवाज सारखे करणारा) असेल तर बंद करा. सबवूफरही सिनेमाला ठेवता त्यापेक्षा कमी ठेवा, बेस गिटार कुठे संपते आणि बास ड्रम कुठे सुरू होतो ते वेगळं कळलं पाहिजे.

मंद्रसप्तक:
खूप धन्यवाद मंडळी, एवढं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. मागचे स्पीकर स्टँडवर घेऊन बाजूला आणले, पातळ्या लावल्या, सोफा पुढे ओढला. क्लोज टू द एज मागवलाय, तो येईपर्यंत स्ट्रीमिंगवर डार्क साइड ऐकतोय. ऑन द रन सुरू झालं तेव्हा आवाज डाव्या खांद्यामागून निघून पुढे गेला, घरातलं आणखी एक माणूस हातातलं काम सोडून शेजारी येऊन बसलं.

एकच विचारायचंय, किंग क्रिमसनमधला कुठला घेऊ? इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग की रेड?

आडताल:
आधी इन द कोर्ट. १९६९ चा, मेलोट्रॉनचे (टेपवरचे सूर वाजवणारा कीबोर्ड) मोठे थर आहेत आणि ते थर पसरायला जागा मिळाली की काय होतं ते तुम्हाला लगेच कळेल. रेडमध्ये मुळात तीनच माणसं जोरात वाजवतायत, त्याची ताकद एकवटण्यात आहे, तो मला अजूनही स्टिरिओत जास्त भिडतो.

तारषड्ज:
अजिबात पटलं नाही :) रेडमधला स्टारलेस ५.१ मध्ये ऐका, मधे गिटार एकच सूर धरून बसते आणि खालून ड्रम चढत जातात तो भाग. दोन्ही घ्या आणि इथे येऊन सांगा कोण बरोबर ते.